भरदुपारचे मेळावे कायमचे बंद करा

महोदय,

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्याला आलेल्या श्रीसेवकांपैकी (आप्पासाहेब धर्माधिकारी यांच्या अनुयायांपैकी) १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्यानंतर सरकारने दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. पण तीही ऊन उतरेपर्यंतच. हा नियम दर उन्हाळ्यासाठी कायम का असू नये?

खारघरला त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता, हे विसरून चालणार नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते. ‘विदर्भात तर ४५ असते’ ही तुलना इथे जीवघेणी आहे.

मैदानाची परवानगी देतानाच मांडव, पाणी, रुग्णवाहिका आणि गर्दीतून तिला वाट, हे सारे तपासले जावे. हवामान खात्याचा इशारा आला की कार्यक्रम संध्याकाळी ढकलण्याची अट परवान्यातच हवी. प्रमुख पाहुण्यांची वेळ हा अपवाद ठरू नये. खारघरला ती माणसे श्रद्धेने आली होती, तासन् तास उन्हात बसून राहिली. उठून सावलीत जा, हे त्यांना व्यासपीठावरूनच सांगायला हवे होते.

– एक वाचक, पनवेल