बॅकअपमध्ये फोल्डर आहे की नुसती लिंक?

संपादक महोदय,

मृग नक्षत्राच्या तोंडावर विदर्भात विजा कडाडू लागतात, आणि त्याच दिवसांत गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांमध्ये खरीप पीककर्जाची कामे चालू असतात. संगणक जळाला तरी बॅकअप आहे, हा तिथला भरवसा. लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या संगणकांवर तो कुठे फसतो, हे सचिवांना कळायलाच हवे.

छोटी डिस्क भरली की ‘कर्ज’ फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवतात आणि जुन्या जागी त्याची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, ठेवतात. काम पूर्वीसारखेच चालते. पण लिंकमध्ये असतो तो केवळ मार्ग, म्हणजे काही अक्षरे. ‘आर्काइव्ह’ पर्यायाने चालणारे आरसिंक हे बॅकअपचे साधन लिंक जशीच्या तशी उतरवते, आत शिरत नाही आणि कुठली चूकही दाखवत नाही. सोबत ‘डिलीट’ पर्याय असेल तर आणखी वाईट: बॅकअपमधले आधीचे खरे, भरलेले फोल्डर पुसले जाते आणि त्या जागी लिंक येते. म्हणजे डिस्क वाढवल्यानंतरच्या पहिल्याच बॅकअपला चांगली प्रत जाते.

तपासणीतही हे सापडत नाही. त्याच संगणकावर बॅकअपची डिस्क उघडली तर लिंक मूळ फोल्डरकडे नेते आणि सगळ्या फायली दिसतात. म्हणून डिस्क दुसऱ्या संगणकाला लावूनच पाहावी. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर लिंक बनतच नाही. लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत, चुकीची एक ओळ येते आणि ती कोणी वाचत नाही.

आरसिंकमध्ये ‘कॉपी-डिरलिंक्स’ हा पर्याय घातला की फोल्डरच्या लिंकमागचा खरा मजकूर येतो. मात्र एखादी लिंक स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे जात असेल, तर तेच ते पुन्हा पुन्हा उतरत राहते आणि डिस्क भरू शकते. परत आणतानाही धोका आहे: ‘कीप-डिरलिंक्स’ दिले नाही, तर आरसिंक संगणकावरची लिंक काढून तिथे खरे फोल्डर बनवते, आणि सगळा डेटा पुन्हा त्याच छोट्या डिस्कवर येऊन पडतो.

आमच्या मते लिंकला लिंकच राहू द्यावे आणि मोठ्या डिस्कवरचे मूळ फोल्डर बॅकअपच्या यादीत वेगळे, त्याच्या पूर्ण मार्गासह लिहावे. यादी करण्याआधी ‘फाइंड’ आज्ञेला ‘टाइप एल’ देऊन संगणकावरच्या सगळ्या लिंका काढाव्यात. विंडोजवर रोबोकॉपी हे प्रत घेणारे साधन वापरणाऱ्यांनी आपल्या बॅच फाइलमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फायलीत, ‘एक्सजे’ हा पर्याय आहे का ते पाहावे. फेऱ्यात अडकू नये म्हणून तो घालतात, पण त्याने फोल्डरच्या लिंका आणि जंक्शन (विंडोजमधल्या तशाच खुणा) पूर्णच वगळले जातात.

जिल्हा उपनिबंधक कार्यालयांनी सोसायट्यांच्या सचिवांकडून पेरणीपूर्वी एवढे करून घ्यावे: बॅकअपमधून एका सभासदाचे कर्जखाते दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवणे.

– ग्रामीण कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करणारे, दारव्हा (जि. यवतमाळ)