सुई हिसकावून घेतलीत, त्याबद्दल आभार

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. नात वाचून दाखवेल. समोर आभार मानले असते तर 'बरं बरं, पुढचं दाखव' म्हणून तुम्ही उडवून लावलं असतंत, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे.

तुम्हाला आठवत असेलच. पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतल्या सामानासकट 600 रुपयांना घेतला होता. पिवळ्या मण्यांची माळ, हिरव्या मण्यांची तुटकी सर, दोन ब्रोच, सात सुटे मोती. विकणाऱ्याचं म्हणणं, माळ अंबरची, म्हणजे झाडाचा चीक युगानुयुगं घट्ट होऊन बनलेल्या खड्याची, एक ब्रोच हस्तिदंती आणि सगळा माल इंग्रजांच्या वेळचा. दुसऱ्या दिवशी एका सराफांकडे गेले, तर त्यांनी डब्यात बोटसुद्धा घातलं नाही. "प्लास्टिक आहे सगळं, टाकून द्या," म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. चिडूनच मी सोन्या मारुती चौकाकडून तुमच्या बोळात शिरले. कुणीतरी 'दागिने ओवून-गाठवून देणाऱ्या पटवेकरी काकांना विचार' म्हटलं होतं एवढ्या आधारावर.

पर्समध्ये सुई आणि लायटर होता. तापलेली सुई टोचून वास घेतला की वस्तू कशाची ते कळतं, असं कुठंतरी पाहिलं होतं. मी हस्तिदंती ब्रोच उपडा धरून सुई तापवायला घेतली आणि तुम्ही मांडीवरचं अर्धं ओवलेलं मंगळसूत्र तसंच टाकून ती माझ्या हातातून हिसकावलीत. "अगं पेटेल! पूर्वी थेटरात रिळं पेटायची ना, तीच ही जात."

मग चहावाल्याच्या पोराला हाक मारून पेलाभर कढत पाणी मागवलंत. ब्रोचची कड दोन-चार सेकंद बुडवली आणि माझ्या नाकाशी धरली. कापूर! आरतीच्या तबकातला, अगदी तोच वास. ब्रोच सेल्युलॉइडचा होता. या जुन्या प्लास्टिकमध्ये कापूर असतो, हे त्या दिवशी कळलं. अमेरिकेत हायट नावाच्या माणसानं 1870 साली त्याचं पेटंट घेतलं, हे नंतर घरी येऊन वाचलं. पण ते वाचण्याआधी तुम्ही भिंगातून रेघा दाखवल्या होत्या. हस्तिदंताचा भास व्हावा म्हणून काढलेल्या, वहीतल्या ओळींसारख्या सरळ आणि समांतर. खऱ्या दाताच्या आडव्या कापात रेघा एकमेकींना छेदतात, जाळी दिसते. एका अर्थी सुटले म्हणायची. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे, खरा निघाला असता तर त्या डब्याचं करायचं काय होतं?

माळेचं मात्र वाईट वाटलं. आधी तुम्ही एक मणी अंगठ्यानं खसखसा घासलात, गरम झाल्यावर हुंगलात आणि मला दिलात. दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा उग्र वास. तरी माझं तोंड बघून तुम्ही शेजारच्या वडेवाल्याकडून मूठभर मीठ आणलंत, विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात ढवळलंत आणि मणी सोडलात. अंबर असतं तर तरंगलं असतं. तो गपकन तळाला गेला. बेकेलाइट, जुन्या काळचं कडक प्लास्टिक. "आणि तरंगलं असतं तरी नाचायचं नाही. काही हलकी प्लास्टिकंही तरंगतात," हे वर. ते शोधणाऱ्या बेकलंडला त्याचं पेटंट मिळालं 1909 साली, म्हणजे माळ त्याच्या अलीकडचीच. सराफांचं 'प्लास्टिक' तसं खरंच होतं म्हणा. पण ज्या प्लास्टिकचे दागिने लोक आज शोधत फिरतात, त्याला 'टाकून द्या' म्हणणं वेगळं.

मग तुम्ही माळेचे 42 मणी एकेक करून माझ्या गालाला लावायला लावलेत. रस्त्यावरून जाणारे बघत होते. एकेचाळीस कोमट आणि एक बर्फासारखा गार. काचेचा! रंग इतका जुळवून घातलेला, की डोळ्यांना सापडला नसता. कधीतरी मणी हरवला असेल आणि कुणीतरी हौसेनं जोड शोधली असेल. मी धाग्यावरून वय विचारलं, तर हसलात. धागा नायलॉनचा होता. "धाग्याला वय विचारू नकोस. आम्ही लोक तो दर पाच-दहा वर्षांनी बदलतो. भोकाच्या कडा बघ, किती झिजल्यात ते."

दुसऱ्या ब्रोचला तर तुम्ही पुढून पाहिलंच नाही, आधी उलटा केलात. पूर्वी आपल्याकडे खांद्यावर पदराला ब्रोच लावायच्या, जुन्या फोटोंत दिसतं. मला वाटलं, हा तसलाच. जुन्या ब्रोचला मागं नुसता वाकवलेला आकडा असतो, आणि टाचणी बऱ्याचदा कडेच्या बाहेर डोकावते. याला फिरवून बंद होणारी कडी होती. ती बदललेली असू शकते, म्हणून मग खडे पाहिलेत. तेलाच्या तवंगासारखे सप्तरंगी. खड्यांवर असा मुलामा 1950च्या दशकाच्या मध्यापासून चढू लागला, म्हणजे 'इंग्रजांच्या वेळचा' तिथंच निकालात निघाला. मी तोही पाण्यात घालणार होते, तेव्हा पुन्हा ओरडलात. खड्यांच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो, पाणी मुरलं की काळा पडतो.

मोत्यांचं थोडक्यात. दाताच्या धारेवर घासले, पाच गुळगुळीत घसरले, भोकाशी रंगाची पापुद्रीही सुटलेली. दोन किंचित खरखरले, म्हणजे मोती खरे. ते शिंपल्यात आपसूक घडलेले की माणसानं पेरलेले, हे दात सांगत नाही, त्याला क्ष-किरण लागतो, असं सांगून ते दोन तुम्ही वेगळ्या पुडीत बांधून दिलेत.

आणि हिरवे मणी! शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणलात, दुकानाचं शटर अर्धं ओढलंत आणि सर त्याखाली धरलीत. काजव्यांसारखे पेटले. युरेनियमची काच. बोहेमियात 1830च्या दशकापासून ती बनते, आणि थोडीफार अजूनही बनते, म्हणून चमकली की जुनी असं धरायचं नाही. तुम्ही स्वतः इतके खूश झाला होतात, की तीनदा दिवा लावून-विझवून दाखवलात.

इतक्या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले फक्त गाठवण्याचे. अंबर नाही, हस्तिदंत नाही, इंग्रजांच्या काळातलं म्हणून काही सिद्ध झालं नाही, तरी मी घरी येताना डबा छातीशी धरून आले.

माळ आता रोज घालते. प्रत्येक मण्यामागे गाठ मारून तुम्ही ती रेशमात ओवलीत आणि तो एकटा काचेचा मणी न काढता मागं, कडीच्या शेजारी ठेवलात. सकाळी माळ घातली की मानेला तेवढाच गार लागतो.

आपली,
डबेवाली