गल्ला आठ कोटी, हाती तीन कोटी

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मनोरंजन पुरवणीत दर आठवड्याला चित्रपटाची 'कमाई' म्हणून एक आकडा छापला जातो, त्याबद्दल हे पत्र. मारधाडीच्या किंवा बड्या नटाच्या चित्रपटाला तो आकडा थोडाफार न्याय देतो. धंद्यात ज्याला 'ड्रामा' म्हणतात, म्हणजे घर, कोर्ट, तुरुंग, म्हातारपण, नातीगोती असा ऐवज असलेला चित्रपट, त्याच्याबद्दल मात्र तो जवळजवळ काहीच सांगत नाही. बरेचदा उलटेच सांगतो. अशा चित्रपटाचा पैसा उशिरा येतो आणि पुष्कळदा थिएटरबाहेरून येतो.

मुळात छापलेला आकडा कुठला, तेच बातमीत नसते. ग्रॉस, नेट आणि शेअर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षकाने तिकिटाला मोजलेले सगळे पैसे म्हणजे ग्रॉस. त्यातून जीएसटी वजा केला की नेट. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे २०० रुपयांच्या तिकिटातले १६९ रुपये ४९ पैसे नेट, तर सवलतीच्या दिवशीच्या ९९ रुपयांच्या तिकिटातले ९४ रुपये २९ पैसे. (मोबाइलवरून बुकिंग करताना लागणारे सुविधा शुल्क यात धरायचे नाही, ते निर्मात्याच्या हिशेबात येतच नाही.) नेटमधला थिएटरचा वाटा गेला की राहतो तो वितरकाचा शेअर. बातमीत बहुतेक वेळा ग्रॉस येतो. तो सगळ्यांत मोठा दिसतो आणि प्रसिद्धीवाले तोच पाठवतात, एवढे साधे कारण आहे.

मल्टिप्लेक्समधला शेअर आठवड्यागणिक उतरत जातो. २००९ मध्ये हिंदीचे निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांचे फिसकटले, दोन महिने नवे मोठे चित्रपट लागले नाहीत. त्यानंतरच्या तडजोडीतली शिडी अजूनही हिशेबाचा पाया म्हणून धरली जाते: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. प्रत्यक्ष करारात इकडेतिकडे होते, सिंगल स्क्रीनला ठोक भाडे किंवा वेगळा टक्का असतो, पण उताराची दिशा हीच.

आता दोन कल्पित चित्रपट घेऊ. दोघांचेही चार आठवड्यांचे नेट साडेसात कोटी. पहिला मोठ्या नावाचा: आठवड्यांची कमाई अनुक्रमे ४ कोटी, २ कोटी, १ कोटी, ५० लाख. त्याचा शेअर ३ कोटी ३७ लाख ५० हजार. दुसरा ड्रामा, तोंडी प्रसिद्धीवर चढत गेलेला: दीड कोटी, अडीच कोटी, २ कोटी, दीड कोटी. त्याचा शेअर ३ कोटी १ लाख २५ हजार. तेवढेच प्रेक्षक, तेवढीच तिकिटे, आणि ड्रामावाल्याच्या हातात ३६ लाख २५ हजार रुपये कमी! लोकांना चित्रपट आवडत गेला, याचा हा दंड आहे. शिडी बांधली आहे ती पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणाऱ्यांसाठी.

याच ड्रामाचा हिशेब पुढे नेऊ. आपल्या पुरवणीत १८ टक्के जीएसटीसकट ८ कोटी ८५ लाख छापून येतील, वर 'सुपरहिट'. वितरकाकडे आलेल्या ३ कोटी १ लाखातून त्याचे १० टक्के कमिशन (सुमारे ३० लाख) आणि प्रसिद्धी, जाहिराती, थिएटरना डिजिटल प्रिंट पुरवणाऱ्या कंपनीचे शुल्क मिळून समजा सव्वा कोटी वजा केले, तर निर्मात्याकडे १ कोटी ४६ लाख पोचतात. चित्रपट अडीच कोटींत झाला असेल तर 'सुपरहिट' होऊनही १ कोटी ४ लाखांचा खड्डा शिल्लक. तो टीव्ही आणि ओटीटीच्या पैशांनीच भरायचा असतो. व्यवहार कमिशनऐवजी एमजीवर, म्हणजे किमान रकमेच्या हमीवर झाला असेल, तर तो खड्डा वितरकाच्या दारात जातो, इतकाच फरक. शिवाय वसुली एका हाताने होत नाही. वितरणाच्या जुन्या नकाशात विदर्भ 'सीपी-बेरार' या विभागात आणि मराठवाडा 'निझाम' या विभागात मोडतो, म्हणजे तिथली वसुली वेगळ्या हातांतून येते; राज्य होऊन साठ वर्षे उलटली तरी चित्रपटाच्या वहीत ही संस्थाने शाबूत आहेत.

दुसरी अडचण शोची. पुढच्या शुक्रवारचे शो कसे वाटायचे हे शनिवार-रविवारच्या गर्दीवरून ठरते आणि सोमवारपासून कात्री लागते. ड्रामाची तोंडी प्रसिद्धी रविवारी बघून आलेला माणूस सोमवारी ऑफिसात बोलतो तिथून सुरू होते. ऐकणारा बुधवारी बुकिंग उघडतो, तर त्याच्या गावात एकच शो उरलेला, तोही सकाळी साडेनऊचा. २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठीला प्राइम टाइम देण्याचा आग्रह धरला, मग तडजोडीत 'प्राइम टाइम' दुपारी १२ ते रात्री ९ असा पसरला. दुपारी बाराचा खेळ दिला तरी नियम पाळला गेला! कौटुंबिक चित्रपटाचा प्रेक्षक चार ते सातच्या खेळाला येतो. म्हणून पहिल्या शुक्रवारी दोनशे शो विखरून घेण्यापेक्षा साठ-सत्तरच शो, पण नेमक्या वेळांचे घ्यावेत आणि दुसऱ्या आठवड्यात वाढवावेत, असे आमचे मत आहे. निर्मात्यांना ते पटवणे कठीण जाते, कारण पोस्टरवर 'राज्यभर' लिहायचे असते. चढ होऊ शकतो याचा अलीकडचा पुरावा म्हणजे ३० जून २०२३ ला लागलेला 'बाईपण भारी देवा'. बायका गटागटाने थिएटरात आल्या आणि त्याचा दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा झाला. पण त्याचे शो टिकले, म्हणून तो चढ दिसला.

थिएटर आणि व्हिडिओ यांचा हिशेब किती वेगळा असू शकतो याचे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे: 'द शॉशँक रिडेम्प्शन'. हा तुरुंगातला ड्रामा २ कोटी ५० लाख डॉलरमध्ये तयार झाला. २३ सप्टेंबर १९९४ ला ३३ थिएटरांत लागला आणि पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ७ लाख २७ हजार डॉलर जमले, थिएटरमागे साधारण २२ हजार. उत्तमच. तीन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला तो ९४४ थिएटरांत नेला आणि त्या आठवडाअखेरीस सुमारे २४ लाख डॉलर आले. थिएटरमागे अडीच हजार. त्याच शुक्रवारी 'पल्प फिक्शन' देशभर लागला होता आणि जुलैपासूनचा 'फॉरेस्ट गंप' अजून चालूच होता. तोंडात न बसणारे नाव, तुरुंगाचा विषय, पडद्यावर बायका जवळजवळ नाहीत, लांबी १४२ मिनिटे. पहिल्या फेरीत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर करून तो उतरला.

मग ऑस्करची सात नामांकने आली. पारितोषिक एकही मिळाले नाही, पण नामांकनांच्या बळावर १९९५ च्या सुरुवातीला तो पुन्हा लावला आणि अमेरिकेतला एकूण गल्ला २ कोटी ८३ लाखांच्या आसपास गेला. 'खर्च निघाला' असे इथे लिहून टाकायचा मोह होतो. थिएटरांचा वाटा ढोबळपणे निम्मा धरला तर वितरकाकडे १ कोटी ४० लाखांच्या आसपासच येतात आणि जाहिरातीचा खर्च त्यातूनच जायचा असतो. थिएटरात चित्रपट तोट्यातच होता.

त्याला तारले व्हिडिओ कॅसेटने. तेव्हा अमेरिकेत कॅसेटचे दोन भाव चालत. मुलांचे चित्रपट आणि प्रचंड चाललेले चित्रपट घरोघरी विकायला १५ ते २५ डॉलरला काढत. बाकीच्यांच्या कॅसेटची छापील किंमत शंभर डॉलरच्या घरात असे, दुकानदाराला ती साठ-सत्तरला पडे. एकदा विकत घेतली की दुकानदार ती कितीही वेळा भाड्याने देऊ शके. त्या भाड्यातला पैसा स्टुडिओला देण्याचे कायद्याने बंधन नव्हते. त्यामुळे स्टुडिओची कमाई ठरे ती दुकानदार किती प्रती उचलतात त्यावर. 'शॉशँक'च्या ३ लाख २० हजार प्रती दुकानांत पाठवल्या गेल्या. २ कोटी ८३ लाखांच्या चित्रपटासाठी हा आकडा भलताच धाडसी होता. प्रतीमागे ६५ डॉलर धरले तर नुसत्या घाऊक विक्रीचे २ कोटी डॉलर होतात, म्हणजे थिएटरातून आलेल्या वाट्याहून जास्त. आणि ती कॅसेट १९९५ मध्ये सर्वाधिक भाड्याने गेलेल्यांत गणली गेली.

तिसरा टप्पा केबलचा. चित्रपट बनवणारी कॅसल रॉक ही कंपनी १९९३ मध्ये टर्नर समूहाने घेतली होती, त्याच समूहाची टीएनटी वाहिनी. घरचाच माल असल्याने १९९७ पासून त्यांनी तो सतत दाखवला. २०१३ या एका वर्षात अमेरिकेतल्या १५ केबल वाहिन्यांवर मिळून तो १५१ तास चालला. १९९४ च्या नोव्हेंबरात त्याचा गल्ला छापून 'आपटला' असे लिहिणारा वार्ताहर चूक नव्हता, पण त्याने लिहिली ती हिशेबाची पहिली ओळ होती.

आपल्याकडे हा मधला कॅसेटचा टप्पा निर्मात्याच्या हाती कधी नीट लागलाच नाही. मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून निघालेल्या शेमारूने १९७९ मध्ये व्हिडिओ भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढे गल्लोगल्ली लायब्रऱ्या झाल्या, पण अधिकृत प्रत एक आणि तिच्या नकला दहा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क काढणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा चोरीच्या डिस्कइतकीच अधिकृत डिस्क स्वस्त झाली. मराठी ड्रामा त्या काळात घरोघर गेला. मात्र २८ रुपयांत डिस्क, वेष्टन, दुकानदार आणि हक्क सगळेच बसवायचे असल्याने निर्मात्याला मिळे ती बहुधा एकरकमी, छोटी रक्कम.

आज 'व्हिडिओ' म्हणजे वाहिनी आणि ओटीटी. इथे गोष्टी बिघडतात त्या बहुतेक वेळा कागदात आणि मास्टर कॉपीत, म्हणजे दाखवण्यासाठी द्यायच्या मूळ प्रतीत. जुन्या करारांत 'वर्ल्ड निगेटिव्ह राइट्स', म्हणजे चित्रपटाचे जगभरचे हक्क, एकदाच विकून टाकलेले असतात. डिजिटल हक्क नंतर जन्मले, ते कुणाचे यावर वर्षानुवर्षे वाद. नव्या चित्रपटांत कथालेखकाचा करारच नसतो, किंवा पार्श्वसंगीतात कुणाची तरी धून परवानगीशिवाय वापरलेली असते. दुसऱ्या भाषेत डबिंगसाठी संवाद वगळून संगीत व आवाजांचा जो वेगळा ट्रॅक लागतो, तो मिक्सिंगच्या वेळीच काढून ठेवला नाही तर पुन्हा स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागतो. आवाजाची पातळी आणि सबटायटल यांवरून मास्टर परत येतो. पैसे हप्त्यांत असतात: सही झाल्यावर काही, मास्टर तपासणीत उतरल्यावर काही, चित्रपट वाहिनीवर वा ओटीटीवर दिसू लागल्यावर उरलेले. तपासणी अडली की हप्ता अडतो, आणि व्याज मात्र चालू राहते.

'ए' प्रमाणपत्र असेल तर चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. कापून 'यूए' करून घ्यावा लागतो. गंभीर ड्रामाची टीव्हीची किंमत इथेच पडते. ओटीटीचे दोन प्रकार: ठरावीक वर्षांसाठी ठोक रक्कम, किंवा प्रेक्षकांनी जितके तास पाहिला त्यावर पैसे. दुसऱ्या प्रकारातल्या रकमा पाहून निर्माते पहिल्यांदा कागद उलटा धरला की काय असे बघतात. ठोक रक्कम देणारे पुष्कळदा थिएटरचा गल्ला विचारूनच भाव ठरवतात. म्हणून तर ग्रॉस फुगवून छापून आणण्याची घाई असते, आणि म्हणून आपला तो एक आकडा निरुपद्रवी राहत नाही. हिंदीसाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या ओटीटीआधी आठ आठवड्यांचे अंतर मागतात. मराठीत टीव्ही प्रीमियरची जाहिरात चित्रपट थिएटरात असतानाच लागली, तर 'टीव्हीवर येईलच की' म्हणणारा प्रेक्षक त्या दिवसापासून घरी बसतो.

आपल्याकडून विनंती अशी. आकडा छापताना तो ग्रॉस आहे की नेट, हे एका शब्दात लिहावे. त्याशेजारी पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याचे शो किती होते ते द्यावे. बुकिंग ॲपवरून शुक्रवार ते गुरुवार मोजले तर पुणे, ठाणे, नाशिक एवढ्या तीन शहरांचेही पुरेसे बोलके ठरतात. ड्रामाच्या बाबतीत 'हिट' वा 'फ्लॉप' हा शब्द निदान तिसऱ्या सोमवारपर्यंत थांबवावा. आणि टीव्ही व ओटीटीच्या व्यवहाराचा आकडा कुणी दिलाच, तर तो थिएटरच्या कमाईत मिळवून 'एकूण गल्ला' करू नये, वेगळ्या ओळीत छापावा.

कळावे,
आपले,
चित्रपट वितरणाच्या हिशेबात असलेले दोन वाचक, पुणे