पंचमीला गजगे काढून ठेव, आई

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आपले बोलणे औषधे, पाऊस आणि सोयाबीनचा भाव यांतच संपते आणि मनातले राहून जाते, म्हणून हे पत्र. मला लिहायचे आहे ते आपल्या घरातल्या खेळांविषयी.

आई, गजगे खेळताना मी तुला पाहिले ते केवळ पंचमीच्या दिवसांत, कारण एरवी भाकरी, गोठा आणि खुरपणी यांतून तुला उसंतच नसे. ओसरीच्या शहाबादी फरशीवर तू पाच गजगे पसरायचीस, एक वर उडवून तो खाली येण्याच्या आत आधी एकेक, मग दोन-दोन आणि शेवटी चारही एका मुठीत उचलायचीस, आणि बांगड्या मनगटावर उतरल्या की त्या मागे सारण्यापुरता डाव थांबायचा. परकराच्या वयात गल्लीत तुला कोणी हरवू शकत नसे, हे मला पुढे मावशीकडून कळले. इतका हात बसलेला खेळ लग्नानंतर वर्षातल्या चार दिवसांपुरता उरला, याचे मला फार वाईट वाटते.

बाबा, तुमचा विटीदांडू उन्हाळ्यातला. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात तुम्ही मला न्यायचात. बाभळीचा दांडू तुम्हीच तासलेला असे. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असत आणि विटी भेगेत गेली की ती तुरकाटीने उकरून काढावी लागे. ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणत मोजताना तुमचा आवाज पोरांपेक्षा मोठा असायचा.

पण माझा खरा खेळ खो-खो. मी शाळेच्या संघात गेले, तेव्हा मुलीने मैदानात पळावे का, यावर भावकीत बरेच बोलले गेले. तुम्ही दोघांनी कोणाशी वाद घातला नाही. बाबांनी कळंबच्या बाजारातून बूट आणले आणि आई पहाटेच्या सरावासाठी माझ्याआधी उठू लागली. एकाआड एक तोंड फिरवून बसायचे, पाठीमागून खो मिळताच उठायचे आणि एकदा धरलेली दिशा सोडायची नाही, हे अंगात मुरायला दिवस लागले. खांबाजवळ सूर मारून गडी टिपताना माझी कोपरे सोलून निघत. आई, तू त्यांवर हळद लावलीस, पण उद्या जाऊ नकोस असे कधी म्हणाली नाहीस. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषकही आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला. प्रत्येक वेळी मला त्या मुलींना मैदानावर पाठवणारी घरे दिसली. मी तालुक्याच्या पुढे गेले नाही, तरी माझे घर त्यांतलेच होते, याचा मला अभिमान आहे.

पुढे वसतिगृहात कॅरम आणि नोकरी लागल्यावर बॅडमिंटन खेळले. वेळ चांगला गेला, जीव मात्र गुंतला नाही.

आता माझे एक मागणे आहे. पंचमीला आम्ही चार दिवस येत आहोत. रान ओले असेल, म्हणून विटीदांडू दिवाळीनंतर. या वेळी बाबांनी माळ्यावरच्या पेटीतला आजीचा पट आणि कवड्या काढून ठेवाव्यात. आई, गुडघ्यांमुळे तुला खाली बसवत नसेल, तर आपण पलंगावर फळी टाकू. स्वयंपाकाचे मी बघेन. ते चारही दिवस तू चुलीकडे फिरकायचे नाही, नातीला गजगे शिकवायचे. आणि ती लहान आहे म्हणून मुद्दाम हरू नकोस. तुझा खरा हात तिने पाहायला हवा.

कळावे.

तुमची लेक