गोणपाट धरून उभे राहिलेल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

परवा सकाळी तुमच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला माझा रेडिओ स्टेशनचा ट्रेलर अंगणात उभा केला, ४० मीटर बँडवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या एका लहरपट्ट्यावर, हाक दिली आणि पुण्याहून उत्तर आलं. 'आवाज स्वच्छ येतोय,' एवढंच पलीकडचे म्हणाले. माझा गळा दाटून आला. पहिली आठवण तुमची झाली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात चढलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. वीज गेली, मागोमाग मोबाईलची रेंज गेली. माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश देण्याघेण्याचं, लायसन्स होतं, सेट होता, पण बॅटरी खाली पाण्यात. धाकटी बहीण पलीकडच्या आळीत कशी आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं, स्टेशन चाकांवर हवं आणि विजेसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

तुमच्याआधी ज्यांना काम दिलं त्यांनी आगाऊ पैसे घेतले, चार महिने फिरवलं आणि एका अंगाला कललेला सांगाडा हातात दिला. वर विचारलं, 'मोबाईल असताना हे हवंय कशाला?' पैसे गेल्याचं विसरेन, पण तो प्रश्न अजून मनाला लागून आहे.

तुम्ही एक्सल सरळ केला, मास्टला, म्हणजे अँटेनाच्या खांबाला, बिजागरी लावली, सोलर पॅनेलची चौकट केली. ते सगळं उत्तमच आहे. पण मी लिहायला बसलो ते त्या एका दुपारसाठी.

पॅनेलवर ऊन पडलं की सेटमध्ये खरखर सुरू व्हायची. संशय पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरवर होता, पण तुमचं वेल्डिंग, ग्राइंडर, ट्यूबलाइट यांच्या आवाजात खात्री होईना. रात्री येऊन तपासावं तर रात्री ऊन नाही. मी संकोचून सांगितलं. तुम्ही हातातलं गेट तसंच ठेवलंत, पोरांना चहाला पाठवलंत आणि मेन स्विच पाडलात. ऐन कामाच्या वेळी! 'आधी तुझं ऐकून घे,' म्हणालात.

मग कोपऱ्यातलं गोणपाट उचलून पॅनेलसमोर उभे राहिलात. मी हात वर केला की झाकायचं, खाली केला की काढायचं. झाकलं की खरखर गायब, काढलं की परत. दहा-बारा वेळा. कपाळावरचा घाम भुवईत उतरत होता, तो पुसायलाही तुम्ही हात सोडला नाहीत. हेडफोन माझ्या कानाला होते. तुम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं! दुसऱ्याला महत्त्वाचं वाटतं म्हणून आपणही ते महत्त्वाचं मानायचं, अशी माणसं आहेत म्हणून गावं पुरातून उभी राहतात.

पुढे वायरींना पीळ देऊन त्या खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यांतून ओवल्या आणि तुम्ही केलेल्या पत्र्याच्या डब्यात कंट्रोलर बसवला. खरखर गेली. आता १०० वॅटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर खेचतो, तरी १०० अँपिअर-अवरची बॅटरी दमत नाही. अँटेनाची वीस मीटरची तार मुद्दाम पाचच मीटर उंचीवर बांधतो. त्यामुळे लहरी उभ्या वर जातात आणि आकाशातून परतून सह्याद्रीपल्याड उतरतात. घाट आडवा येत नाही.

येत्या रविवारी ट्रेलर घेऊन तुमच्या दारात येतोय. हेडफोन तुमच्या कानाला लावायचे आहेत. गोणपाट मात्र अजून ट्रेलरच्या पेटीतच आहे. ते माझ्याकडेच राहू द्या.

तुमचा,
चिपळूणचा रेडिओवाला