संग्रह दिले, आता घरातली चित्रे सांभाळा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची श्रीमंती बरीचशी खासगी संग्राहकांमुळे आहे. पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह 1915 मध्ये विकत घेतला गेला. सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह पुढे तिथेच आले. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी तर आपल्या चित्रांसाठी 1938 मध्ये संग्रहालयच उभारले.

आज मुंबईतल्या अनेक घरांत जुनी लघुचित्रे, जलरंगचित्रे आहेत आणि पावसाळ्यात ती बुरशीने खराब होतात. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर ती लावूच नयेत. फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळू द्यावी. काच चित्राला टेकली की बाष्प साचून रंग काचेला चिकटतो, म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट (चित्राभोवतीची पट्टी) हवाच. पाठीला प्लायवुड नको, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. एसी दिवसा चालू, रात्री बंद, हेही घातक: आर्द्रतेच्या चढउताराने रंगाचे पापुद्रे सुटतात. कागदावरील चित्रांना 50 लक्सहून (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नसावा.

आणि फ्रेम बदलताना मागची जुनी लेबले, शिक्के फेकू नका! चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, याचा पुरावा पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई