पट्टा परत मागता, मनगटाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील मनगटी पट्ट्यांवरचा पानभर लेख मी चष्मा पुसून दोनदा वाचला. पावले, झोप, हृदयाचे ठोके, रक्तातील प्राणवायू यांचे कौतुक साडेपाच रकाने चालले आणि अगदी तळाच्या चौकटीत, जागा उरली म्हणून घातल्यासारखे, एक वाक्य आले: ‘त्वचेवर पुरळ उठल्यास पट्टा थोडा सैल करावा.’ त्या वाक्याने माझा सोमवार नासला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा पट्टा सैलच होता. माझ्या साठीनिमित्त बेंगळुरूच्या मुलाने तो ऑनलाइन मागवून पाठवला होता आणि आमराईतील सकाळच्या फेऱ्या मोजण्यात मलाही मौज वाटत होती, हे कबूल करते. झोपही मोजायची म्हणून तो रात्री काढायचा नाही, असे मुलाने बजावले होते. सातव्या आठवड्यात एका पहाटे साडेतीनला मनगटाखाली निखारा ठेवल्यासारखी जाग आली. पट्टा ओढून काढला, तेव्हा कातडीवर मसुरीच्या डाळीएवढे दोन लाल ठिपके होते आणि उजाडेपर्यंत त्यांचे फोड झाले. सांगलीत राहून हळद लावली नाही असे होणे शक्य नव्हते. शेजारणीने ती लावली आणि दुपारी त्वचारोगतज्ज्ञांनी त्याबद्दल आम्हा दोघींची कानउघाडणी केली.

पट्ट्याच्या पाठीवर चार्जिंगसाठी धातूच्या दोन टिकल्या असतात. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्याने मोजपट्टी घेऊन बसले. टिकल्यांमधील अंतर चार मिलिमीटर होते आणि फोडांमधील अंतरही चार मिलिमीटरच भरले. डॉक्टरांनी कागदावर ‘भाजल्याची जखम’ असे स्पष्ट लिहून दिले. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असेल तर खाज सुटते, पुरळ एक-दोन दिवसांत हळूहळू उमटते आणि पसरते; काठ कोरल्यासारखे दोन गोल एका रात्रीत उठत नाहीत, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. ते मला समजले. कंपनीला ते अद्याप समजलेले नाही.

कंपनीच्या ग्राहकसेवेतील मुलगी अत्यंत गोड बोलत होती. ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य तिने पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा म्हटले. त्यानंतर तिने बिलाचे छायाचित्र मागितले, पट्ट्याच्या क्रमांकाचे मागितले आणि शेवटी ‘पट्टा हातात घातलेला असतानाचे’ मागितले. फोडांवर पट्टा घालून फोटो कसा काढायचा, असे मी विचारले, तेव्हा तिने मला थोडा वेळ थांबायला सांगून गाणे ऐकवले. परत आल्यावर तिचा निष्कर्ष असा होता की माझी त्वचा संवेदनशील असावी. या मनगटावर चाळीस वर्षे काचेच्या बांगड्या आहेत, पाटल्या आहेत, स्टीलच्या साखळीचे घड्याळ होते आणि आषाढातला ओला दोराही होता. संवेदनशीलता सात आठवड्यांपूर्वीच सुरू झाली असेल, तर ती कशाने, हे शोधण्याचे काम माझे की त्यांचे?

यानंतर आला तो तोडगा. जुना पट्टा कुरिअरने परत पाठवा, आम्ही तपासू आणि ‘सद्भावना म्हणून’ नवा पट्टा देऊ. सोबतच्या अर्जावर बारीक अक्षरांत लिहिले होते की नवा पट्टा मिळाल्यावर या वस्तूबाबत माझी कोणतीही तक्रार शिल्लक राहणार नाही. तो अर्ज आणि वॉरंटीचे पुस्तक मी भिंगाखाली वाचले. महाराष्ट्रात विकायच्या वस्तूच्या त्या पुस्तकात मराठीची एक ओळ नव्हती, हे येथेच नोंदवून ठेवते.

संपादक महोदय, माझे म्हणणे आहे ते नेमके या जागी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने हानी झाली तर तिची जबाबदारी कोणाची, या नावाचे एक प्रकरण आहे. त्यात ‘हानी’ म्हणजे काय, याची व्याख्या कलम २ मध्येच दिली आहे. शरीराला झालेली इजा त्यात येते, तिच्यामुळे झालेला मनस्ताप येतो, इतर मालमत्तेचे नुकसान येते. मात्र खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्यातून मुद्दाम वगळले आहे. म्हणजे कायदा म्हणतो, वस्तू सोडून बाकीचे बोला. आणि कंपनी म्हणते, वस्तू सोडून बाकी काही बोलू नका. तिच्या संगणकात ‘बदलून देणे’ असा एक रकाना आहे, मनगटासाठी रकानाच नाही. डॉक्टरांची फी, मलमपट्टी आणि तीन आठवडे डाव्या हाताला पाणी लागू न देता केलेला स्वयंपाक यांची बेरीज मी पाठवली. तिच्यावर उत्तर आले की पिकअपसाठी सोयीची वेळ कळवावी.

पट्टा मी दिला नाही. शिकलेली माणसेही येथे फसतात, म्हणून कारण सांगते. उत्पादनात किंवा त्याच्या रचनेत दोष होता, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नव्हती, असे दाखवता आले तर कलम ८४ नुसार उत्पादक जबाबदार धरला जातो. पण तो दोष दाखवणारा एकमेव साक्षीदार तो पट्टाच असतो. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा जिल्हा आयोग वस्तूचा नमुना घेऊन मोहोरबंद करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराकडून मागितला जाऊ शकतो, तो मी भरीन. आरोपीच्या घरी साक्षीदार मुक्कामाला पाठवायचा आणि नंतर न्याय मागायचा, हा प्रकार मला जमणार नाही.

मग कंपनीने दुसरी पळवाट काढली की बिल मुलाच्या नावावर आहे, तक्रार त्याने करावी. भाजले आईचे हात आणि ओरडायचे मुलाने! विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते, हे त्याच कायद्याच्या त्याच कलमात आहे. तक्रार मी जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, बेंगळुरूला किंवा कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आपल्या लेखाच्या त्या चौकटीत यातील एखादी ओळ सहज मावली असती.

आपल्या लेखकांना हे एका म्हातारीच्या मनगटाचे गाऱ्हाणे वाटू नये, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. ‘फिटबिट’च्या ‘आयोनिक’ या घड्याळाची बॅटरी तापून माणसे भाजली, तेव्हा मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख आणि बाहेर आणखी सुमारे सात लाख घड्याळे परत मागवावी लागली. बॅटरी तापल्याच्या तक्रारी अमेरिकेत ११५ होत्या आणि त्यांतील ७८ जण भाजले होते. या तक्रारी वेळेवर सरकारी यंत्रणेला कळवल्या नाहीत, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीने १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. त्या ११५ जणांपैकी किती जणांना आधी ‘तुमची त्वचा संवेदनशील असावी’ असे ऐकावे लागले असेल, याचा मी आता विचार करते. आपल्याकडेही वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. पण माणसाला भाजणारा प्रत्येक पट्टा नव्या पट्ट्याच्या बदल्यात गुपचूप परत गेला, तर आदेश द्यायचा कशाच्या आधारावर? माझ्या आधी अशा किती तक्रारी आल्या, हे मी कंपनीला लेखी विचारले आहे. त्या प्रश्नावर मात्र त्यांच्या भावना काय आहेत, हे मला समजलेले नाही.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात अशाच पट्ट्यांची चाळीस टक्के सवलतीची जाहिरात होती. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे ओळखायला मला वेळ लागला. दोष माझ्या चष्म्याचाही असू शकेल.

तक्रार लिहून झाली आहे आणि येत्या आठवड्यात दाखल करणार आहे. पट्टा एका स्टीलच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून आणि तीवर तारीख घालून कपाटात ठेवला आहे. आपल्या लेखकांना तो पाहायचा असेल, तर त्यांनी सांगलीला यावे, चहा करीन. कुरिअरने पाठवणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये.)